जिन्यावरचा दिवा

समजा, तुमच्यापुढं एक लाकडी बोर्ड ठेवलाय. त्यावर एक बल्ब, दोन बटणं आणि शेजारी वायरींचा गुंता. बल्ब असा जोडायचा, की तो कुठल्याही बटणानं लागला पाहिजे आणि कुठल्याही बटणानं विझला पाहिजे. जिन्यावर असतो तसा. खालून लावायचा, वर पोचल्यावर वरूनच बंद करायचा. जमेल ना? आता असंही समजा, की जिना असलेल्या घरात तुम्ही आजवर कधी राहिलाच नाहीत.

पद्माचं तसंच होतं. अळनावरजवळच्या खेड्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. दारामागं एक बटण, छताला एक बल्ब. वडील बाबू, म्हणजे तिचे अप्पा, लाकडाच्या वखारीत कामाला. घरात मराठी, शाळा कानडी, आणि हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आल्यापासून सगळं इंग्रजी. इलेक्ट्रिकलच्या पहिल्या चाचणीत श्यामला मॅडमनी तिला साधाच प्रश्न विचारला होता. तो आधी कानडीत समजून घेतला, उत्तर मराठीत सुचलं आणि त्याचं इंग्रजी होईपर्यंत मॅडम पुढच्या मुलीकडं गेल्या होत्या. पद्मा नापास.

आता दसऱ्याच्या सुट्टीनंतर फेरचाचणी. ती हुकली, की या विषयाच्या सेमिस्टर परीक्षेला बसता येणार नव्हतं. घरी तिनं हे सांगितलंच नव्हतं. अप्पांना काय सांगायचं, हा विचार ताटावर बसली तरी समोर येऊन बसायचा.

हुबळीतच उणकलला ती भाड्याच्या खोलीत राहायची. इमारत नवी होती, आणि जिन्यावर नेमका तसलाच दिवा. सुट्टी संपवून परत आल्या दिवशी संध्याकाळी ती खालून दिवा लावायची, धावत वर जाऊन बंद करायची, वरून लावायची, पुन्हा धावत खाली. चौथ्या-पाचव्या फेरीला घरमालकीण भाग्यलक्ष्मी आंटी दारात आल्या.

"काय गं ए, लाइटाशी काय खेळतीस? बल्ब उडाला तर नवा कोण आणणार, तुझा अप्पा?"

"नाही आंटी, अभ्यास करतेय."

"जिन्यात? मग खोली कशाला दिलीय तुला?"

वरच्या कठड्यावरून वेदश्री खो खो हसली. ती तिची खोलीतली जोडीदार, धारवाडच्या वकिलांची मुलगी. "पद्मक्का, जिन्याला पास करून टाक आता. दमला बिचारा."

दुसऱ्या दिवशी पद्मा फेरचाचणीसाठी लॅबच्या दाराशी पोचली, तेव्हा आयुधपूजेच्या झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या, सुकलेल्या. स्विचबोर्डांवर हळदीकुंकवाची बोटं. सुट्टीआधी इथंच पूजा झाली होती आणि मॅडमसकट सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढले होते. घरीसुद्धा अप्पा खंडेनवमीला करवतीची पूजा करायचे, आणि माळ उतरेपर्यंत चप्पल घालून कुणी तिच्याजवळ जायचं नाही. पद्मानं वाकून बूट काढले, भिंतीकडेला नीट जोडून ठेवले आणि आत जाऊन आपल्या टेबलापाशी उभी राहिली. पायाखालची फरशी गार होती. बाकी कुणाच्या पायांकडं बघायचं तिला सुचलं नाही.

"एय, शूज एल्ली?" मॅडमचा आवाज खाडकन आला. बूट कुठायत?

सगळी लॅब तिच्या पावलांकडं बघायला लागली.

"बाहेर, मॅडम. पूजा..." तिनं माळेकडं बोट केलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "नारळपण आणलाय काय बघा." हशा पिकला.

मॅडम हसल्या नाहीत. "पूजेच्या दिवशी मेन बंद होतं. आज लाइनला करंट आहे. मरायचंय? जा, घालून ये."

पद्मा बाहेर आली. नाडीची गाठ बसेना. एकदा वाटलं, हेच बूट घालून सरळ बसस्टँड गाठावा, अळनावरची गाडी धरावी. पण मग अप्पा विचारणार, अशी मधेच का आलीस? ती आत गेली.

वायरी जोडल्या. धोका नाही एवढं बघून मॅडमनी मेन चालू केलं. पहिलं बटण दाबलं, बल्ब लागला. दुसरं दाबलं, विझला. पुन्हा पहिलं दाबलं. काहीच नाही. तिनं मेन बंद करून घेतलं, डोळे मिटले आणि उणकलच्या जिन्यावर जाऊन उभी राहिली. खालच्या बटणाकडून वरच्या बटणाकडं वायरींच्या दोन वाटा जातात. दिवा कुठल्यातरी एकाच वाटेनं पेटतो. मग वरच्या बटणाच्या तीन टोकांतलं मधलं टोक वाटेला कसं लागेल? ते दिव्याकडं जायला हवं. दुसऱ्या बटणाची मधली वायर तिनं भलत्याच टोकाला आवळली होती.

यावेळी बल्ब दोन्हीकडून लागला, दोन्हीकडून विझला.

"हे कुठं वापरतात?" मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

"स्टेअरकेस, मॅडम." तो एक शब्द तरी वेळेवर आला.

"का?"

पुढचं वाक्य अडकलं. मॅडम थांबल्या. पद्मानं तुटकतुटक जुळवलं, खाली लावायचा, वर गेल्यावर बंद करायला परत खाली यायला नको. मॅडमनी मान हलवली. ती हो म्हणून होती की पुरे म्हणून, ते कळलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद पालथा ठेवला. "निकाल सोमवारी."

ती बाहेर आली तोच फोन वाजला. अप्पा.

"जेवलीस का बाळ? परीक्षा चाललीय म्हणतीस, कसं चाललंय?"

"बरं चाललंय, अप्पा." आणि तिनं फोन ठेवला.

वेदश्री पायरीवर थांबली होती. "बूट काढून आत गेलीस म्हणे! अगं, काय तू!"

"पूजेच्या दिवशी काढायचे आणि आज घालायचे, हे तुला कुणी सांगितलं?"

"हे काय सांगावं लागतं होय?"

पद्मा तिच्या शेजारी बसली. सुटलेली नाडी पुन्हा बांधू लागली. सोमवार अजून लांब होता, आणि सोमवारनंतरही चार वर्षं होती.

"वेदश्री," ती वर न बघता म्हणाली, "मग सांगावं लागत नाही असं अजून काय काय आहे गं इथं?"