कोयरीचा शिक्का

"तुझं पावडरचं पोलाद गंजतं, शशांक! डोळे उघडून बघ!"

"पोलादाला बोलू नकोस, अम्मा. रात्रभर लिंबू कुणी ठेवलं त्याच्यावर?"

"जीभ आवर!"

तुंगानं सुरी बाकावर आपटली. आयुधपूजेला कुंकू आणि कापलेलं लिंबू ठेवलं होतं, नेमके तिथेच पात्यावर काळे खड्डे पडले होते. पूजेला मांडलेलं हत्यार विजयादशमीआधी हलवणार कोण? स्वतःच्या घरी पुजलेली ही सुरी नागोजीराव आचाऱ्यांनी आज सकाळी उंबऱ्याबाहेरूनच परत टाकली होती. चार माणसांदेखत.

पात्याच्या मुळाशी कोयरी होती. सासरचे पूर्वी कापड छापायचे. त्यांच्या ठशातली ती कोयरी. नवरा गेल्यावर तुंगानं भट्टी चालवली, पण मनासारखं पातं असल्याशिवाय शिक्का कधी मारला नाही.

"माझ्या साध्या पोलादाच्या सुऱ्या दर दसऱ्याला पुजतात. एक डाग दाखव!"

"आणि धार? दोन लग्नं झाली की आचारी धार लावायला तुझ्या दारात! वितळवून ओतलेलं पोलाद थंड होताना त्यातले कठीण कण गुठळ्या धरतात, उप्पिटात रवा धरतो तसे. ह्याची आधी भुकटी करतात, मग तापवून, दाबून एकजीव. गुठळी नाही, म्हणून धार टिकते."

"मग खड्डे कसले?"

शशांकनं पातं उजेडात धरून खड्ड्यांवरून नख फिरवलं.

"पाणी देऊन पातं कडक केल्यावर परत किती तापवलंस?"

"पाचशे अंशांच्या वर. आणखी कठीण होतं म्हणून."

"आणि गंज?"

"तसं केलं की कमी सोसतं. ठाऊक होतं. म्हटलं, भाजी चिरायला काय होतंय!"

"अय्यो! म्हैसुरात वाढलास आणि आयुधपूजा विसरलास?"

"तुला तरी आठवली?" शशांकचाही आवाज चढला. "स्वतःच्या प्रत्येक घाण्यातली एक सुरी रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवतेस, मगच शिक्का. माझी ठेवलीस? नुसती चमक बघून ठोकलास ना?"

तुंगाची नजर बाकावरच्या शिक्क्याकडे गेली. खरं होतं. पोराचं पहिलं काम म्हणून हुरळली होती ती.

"तुझ्या विकलेल्या सगळ्या सुऱ्या परत आणायच्या," ती दात आवळून म्हणाली. "घरोघर जाऊन."

"नाव जाईल आपलं!"

"त्या खड्ड्यात बघ. तिथंच गेलंय."

तिनं बाकावरचा शिक्का उचलला, पदरात घट्ट बांधला आणि खुंटीवरची रिकामी पिशवी ओढली.

"अम्मा, शिक्का कुठं नेतेस? पुढच्या सुऱ्या नीट तापवीन मी. त्यांच्यावर मारशील ना? अम्मा!"

तुंगानं चपला पायात सरकवल्या आणि आधी माफी मागायला नागोजीरावांच्या घराची वाट धरली.