आबांच्या डोक्याचं माप

इंदापूरपासून बारामतीपर्यंतचे निम्मे नवरदेव आमच्या आबांच्या डोक्याच्या मापानं बोहल्यावर चढले. आबा लग्नाचे फेटे बांधत, पण समोरच्याच्या डोक्यावर कधीच नाही. आधी स्वतःच्या डोक्यावर बांधायचा, मग अलगद उचलून नवरदेवाच्या डोक्यावर ठेवायचा, आणि बसला नाही तर दोष नवरदेवाचा. काटेवाडीच्या एकाला त्यांनी वऱ्हाडादेखत सुनावलं, "फेटा बराबर हाय. तुमचं डोकंच आजून पिकलं न्हाय."

सहावीत शाळा सोडलेला मी राजापूरहून इंदापूरला शिंपीकाम करायला आलो, तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. आबा कापड घ्यायला दुकानात आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "कोकण्या, जेवलास का?" आणि घरी घेऊन गेले ते दोन वर्षं ठेवूनच घेतलं. कुणी नुसतं शिंकलं तरी आजार लागेल अशी मला धास्ती वाटे. आबा हसत, "समुद्राकाठची मानसं तुमी, आन् शिंकंला भिता व्हय रं?"

पुढच्या लग्नसराईत भलतंच झालं. फेटे सैल पडू लागले. एकाचा तर ऐन अक्षता पडताना नाकावर आला. आबांनी आधी खळीला दोष दिला, मग कापडाला, शेवटी "हल्लीची डोकीच बारीक!" मी गंमत म्हणून टेप काढली आणि आबांच्याच डोक्याला लावली. मागच्या बाजूला केसांखाली लिंबाएवढी मऊ गाठ हाताला लागली. ती उडत होती, मनगटातल्या नाडीसारखी. मी आबांचा हात धरून तिच्यावर ठेवला.

"कवातरी चौकट लागली आसंल," आबा म्हणाले.

हट्टानं त्यांना एस.टी.नं बारामतीला नेलं. डॉक्टरांनी डोकं चाचपलं आणि हात थेट गळ्यावर नेला. मला वाटलं, यांचं काहीतरी चुकतंय.

"ही गळ्यातली गाठ कधीची?"

"ती व्हय? लई वर्सांची. गरीब हाय, कुनाला काय करत न्हाय."

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. कॅन्सर गळ्यातल्या त्या गरीब गाठीचा होता. तोच रक्तातून डोक्याच्या हाडात जाऊन बसला होता. पुण्याला न्या म्हणाले, पण फार आशा धरू नका. रोग गळ्यात आणि गाठ डोक्यावर, हे मला आजही खरं वाटत नाही.

पुण्याहून आबा परतले ते निम्मे होऊन. एका सकाळी म्हणाले, "बस म्होरं. तुझं लगीन काय माझ्या नशिबात न्हाय, आत्ताच बांधतो." आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या डोक्यावर फेटा बांधला. दोनदा दम लागला, दोनदा थांबले.

"माझ्या डोक्याला लावला न्हाय बरं का," ते हळूच म्हणाले, "तू भितूस म्हनून."

मला म्हणायचं होतं, आबा, सोडा तो, आधी तुमच्याच डोक्यावर बांधा.