हिरव्या दशहरीची आढी

यांची बँकेतली बदली लखनौला झाली, तेव्हा सासऱ्यांनी माझ्याशी अबोला धरून काही वर्षं लोटली होती. लग्नच पसंत नव्हतं ना त्यांना! ऐंशीच्या आसपासच्या एका जूनमध्ये ते अचानक आमच्याकडे आले. मुलाशी गप्पा, माझ्याकडे पाठ. माझा स्वभाव भाकरी फुगायच्या आत उलथणारा. "आज समोर बसून विचारूनच टाकते," मी म्हटलं. यांनी हातच जोडले. "बाई गं, जरा दम धर. ते आलेत हे काय कमी आहे?"

यांनी वडलांसाठी जवळच्या मलिहाबादहून कच्च्या दशहरी आंब्यांची पेटी आणली. सासरे रत्नागिरीकडचे, हापूसच्या कलमांत जन्म गेलेला. पेंढा मागवून त्यांनी स्वतः कोपऱ्यात आढी घातली आणि भिंतीकडे बघत सुनावलं, "पिवळा झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

कुणी म्हणजे मीच, दुसरं कोण होतं घरात!

रोज सकाळी ते पेंढा उचलून बघत. हिरवा. पुन्हा झाकत. आंबा दाबून बघायला माझे हात नुसते शिवशिवत होते. पण ते फिरायला गेले की मी आढीशी बसून वास तेवढा घ्यायची. आधी चिकाचा उग्र वास होता, मग तो निवला, मग मधूनच काहीतरी गोड यायला लागलं. गंमतच वाटायला लागली मला. आज काय बदललं असेल, या उत्सुकतेनं लवकर जाग यायची. सासऱ्यांना मात्र पत्ता नाही. तपकिरीनं त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

एकदा खालच्या मजल्यावरच्या भाभींनी जिन्यात गाठलं. "आम पक गए क्या? खुशबू नीचे तक आ रही है।"

"अभी कहाँ भाभी, सब हरे हैं।"

"अरे, ये तो पककर भी हरा ही रहता है!"

अगं बाई! आणि आम्ही पिवळा व्हायची वाट बघतोय! वर आले, सासऱ्यांना बघताच 'अहो, चुकलं तुमचं' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले. एक आंबा कापला, बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि गप्प बसून राहिले. किती अवघड ते, माझं मला माहीत.

त्यांनी एक फोड खाल्ली. मग दुसरी.

"कुठला हा?" त्यांनी विचारलं. मला!

"आढीतलाच."

ते उठले, पेंढा बाजूला केला. तळाचे काही आंबे लिबलिबीत झाले होते. आता पारा चढणार, असं मला वाटलं. ते मात्र हसायला लागले. "शाबास रे मी! इतकी वर्षं आंब्यात काढली आणि रंग बघत बसलो." मग चांगले आंबे वेचून माझ्या ओच्यात घालत म्हणाले, "पुढच्या वर्षी आढी तू घाल. मी येईन खायला."

'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.