टाचणीने न केलेली सही

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. कारखान्यात सगळे तिला टाचणी म्हणत. अंगाने ती तशीच होती, सरळ आणि सडपातळ. गळ्यापाशी सात-आठ टाचण्या कायम खोचलेल्या असत, आणि बोलणंही त्याच जातीचं. शिवणाऱ्या बायका म्हणायच्या, "हिच्या टेबलावरून कोट सुटला, म्हणजे परीक्षेत पास झाल्यासारखं वाटतं."

कारखाना छापखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होता. सरकारी इस्पितळातल्या नर्सेसचे पांढरे कोट तिथे शिवले जात. मशिनं तीस, चालू एकोणतीस. टाचणी तिथे बावीस वर्षं होती. त्यातली तेरा मशिनवर गेली, पुढची नऊ खिडकीजवळच्या तपासणीच्या टेबलाशी. कोट हातात आला की ती आधी तो उलटा करी. काजांतून अंगठा फिरवी, काखेतली शिवण ताणून बघी, मग उजेडात धरी. एक टीप सुटलेली दिसली की कोट परत. कुणाकडे परत, हे मानेच्या पट्टीच्या आत निळ्या खडूने लिहिलेलं असे. प्रत्येक बाई आपल्या मशिनचा नंबर तिथे घाली. पहिल्या धुण्यातच तो पुसला जाई, त्यामुळे बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही नव्हता.

बंद मशीन होतं सतरा नंबरचं. चार वर्षांपूर्वी त्याच्या पट्ट्यावरचं झाकण निघालं. मालकाला दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा उद्या सांगू, असं टाचणीच म्हणाली होती. त्याच संध्याकाळी तिथल्या बाईची दोन बोटं गेली. पुढे मालकाने दुसरी बाई आणून बसवली, तेव्हा अख्ख्या कारखान्याने मशिनं थांबवली आणि ती बाई उठेपर्यंत सुरू केली नाहीत. तेव्हापासून सतरावर कुणी बसलं नाही. नवा सुपरवायझर सहा महिन्यांपूर्वी आलेला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्याला सांगण्याइतकं कुणाशी त्याचं सख्य नव्हतं.

त्या वर्षी इस्पितळाच्या खरेदी समितीने नवा नियम केला. लोकांच्या पैशाने घ्यायचे कपडे माणसांना कोंडून, राबवून शिवलेले चालणार नाहीत. पुरवठादाराने तसं लिहून द्यायचं, आणि त्याखाली कामगारांपैकी एकाने सही करायची. मालकाने टाचणीला बोलावलं, खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. तुमच्या सहीला वजन आहे. इथे, खाली करा."

"वाचून सांगते."

"सहीसाठी एवढं काय वाचायचं?"

"कोट पास करायला उलटा करावा लागतो, तसंच."

मालक हसला. कागद मात्र तिने घडी करून नेला. त्यावर मुख्य गोष्टी दोन होत्या. सगळे कोट याच जागेत शिवले जातात. आणि कामाच्या वेळी सगळी दारं आतून उघडता येतात. गुरुवारी समितीच्या तपासनीस बाई येणार होत्या.

त्याच दुपारी टेबलावर कोटांचे सहा गठ्ठे आले. टाचणीने पहिला कोट उलटला, दुसरा उलटला. शिवण चांगली होती. पण खडूचे आकडे सगळे एकाच हाताचे, सुपरवायझरच्या वहीत असतात तसे गोल गोल. तिसऱ्या गठ्ठ्यात मानेच्या पट्टीत आकडा निघाला, सतरा.

तिचा हात थांबला. तिने खिशाचा कोपरा नखाने उचकटून पाहिला. तिथे उलटी टीप तीनदा घातलेली होती. दोनदा पुरते, सगळे दोनदाच घालतात. तीनदा घालायला तिने आयुष्यात एकाच बाईला शिकवलं होतं, घरी, आपल्या शेजारी बसवून. ती म्हणजे तिची धाकटी जाऊ. आणि जाऊ तर कुठल्याशा गोदामात पडदे शिवत होती म्हणे.

दोन्ही जावा एकाच घरात राहत. मधे लाकडी पडदी, चुली दोन, नळ एक. संध्याकाळी नळावर टाचणीने सरळ विचारलं, "पडद्यांना खिसे कधीपासून लावायला लागले?"

जावेने कळशी नळाखाली ठेवली आणि मान खाली घातली. "कुणाला सांगायचं नाही म्हणाले. छापखान्याच्या मागच्या गल्लीत खोली आहे. आम्ही चौदाजणी."

"दार?"

"बाहेरून कुलूप. नऊला लावतात, दीडला उघडतात. दोनला परत."

"आणि मधे कुणाला जायचं झालं तर?"

"दाबून बसायचं."

"आणि आग लागली तर? तेव्हाही दाबूनच बसणार?"

कळशी भरून वाहायला लागली तरी जावेला भान नव्हतं. मग एकदम तिचा आवाज चढला. "जाऊबाई, तुमच्यापुढे सहीचा कागद आलाय हे आम्हाला तिथे कळलंय. करून टाका सही! नाही केलीत तर आमची खोली बंद होईल. तुम्हाला खिडकीपाशी टेबल आहे. मला दोन पोरं आहेत आणि ती कोंदट खोली आहे. आहे ते तरी राहू द्या."

"तुझं काम जावं म्हणून नाही, तुला त्या खोलीतून धड बाहेर येता यावं म्हणून—"

"मी मागितलं का तुमच्याकडे काही?"

तिने कळशी उचलली आणि गेली. दोन दिवस पडदीच्या पलीकडून शब्द आला नाही. भांडी मात्र आपटून ठेवल्याचे आवाज यायचे. टाचणीला राग आला नाही. जाऊ बोलली ते खोटं नव्हतं. सही केली तर कुलूप राहणार, नाही केली तर काम जाणार. पण तिला राहून राहून ते मशिनचं झाकण आठवत होतं. उद्या सांगू म्हटलं होतं. तो उद्या परत येऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. मालकाने पुढे केलेली खुर्ची त्यांनी घेतली नाही. "आधी मला संडास दाखवा," म्हणाल्या, आणि सगळीकडे हिंडून आल्या. मग मालकाने टाचणीपुढे कागद आणि पेन ठेवलं. तिने सहीची जागा सोडून वर, मजकुराच्या शेजारी, ठळक अक्षरांत लिहिलं: काम दोन जागी होतं. दुसऱ्या जागेला बाहेरून कुलूप असतं.

बाईंनी वाचलं. "हे काय?"

"जे आहे ते."

मालकाने हसण्यावारी न्यायचं ठरवलं. "मावशींचं वय झालंय, मॅडम."

"वय झालंय, डोळे शाबूत आहेत," टाचणी म्हणाली. "त्याच डोळ्यांनी तुमचे कोट पास होतात." तिने बाजूला काढून ठेवलेला तो कोट उलटा करून बाईंपुढे धरला. "हा नंबर शिवणारीच्या मशिनचा असतो. हा सतरा. आता विचारा, सतरावर कोण बसतं."

बाईंनी सुपरवायझरला विचारलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण परिस्थिती सावरतोय. "त्या ना... त्या आज रजेवर आहेत."

एकोणतीस मशिनं एकदम थांबली. आधी एक शिवणारी हसली, मग रांगच्या रांग. मागून कुणीतरी म्हणालं, "चार वर्षं झाली रजेला. अर्ज भरपूर मोठा असणार!"

हसू ओसरलं तेव्हा बाई जिन्याकडे निघाल्या होत्या. टाचणी पुढे, बाई मागे, त्यांच्या मागे मालक. "मॅडम, चोऱ्या होतात हो. कात्र्या जातात, कापड जातं."

"कात्री गेली तर दुसरी मिळते," टाचणीने मागे न बघता सुनावलं.

मागच्या गल्लीत लोखंडी दार होतं. त्याला हातभर कुलूप. आतून मशिनांची घरघर येत होती. बाईंनी दार वाजवलं. घरघर थांबली.

"किल्ली बाहेर आहे," आतून आवाज आला. "आम्हाला उघडता येत नाही."

"अगं, मी आहे," टाचणी म्हणाली.

आतून पावलं दाराशी आली. मग जावेचा आवाज, दाराला अगदी चिकटून. "जाऊबाई, काय केलंत हे?"

किल्ली सुपरवायझरच्या खिशात होती आणि सुपरवायझर वर. त्याला बोलावून, त्याने धापा टाकत येऊन कुलूप काढेपर्यंत अकरा मिनिटं गेली. बाईंनी ती घड्याळावर मोजली आणि लिहून घेतली. दार उघडल्यावर चौदाजणी उजेडात डोळे बारीक करून उभ्या राहिल्या. त्यांच्यादेखत बाईंनी मालकाला सांगितलं, "ऑर्डर मी आज रद्द करत नाही. कुलूप आत्ता माझ्याकडे द्या. ही जागा कागदावर येईल, आतून कडी बसेल. पंधरा दिवस देते. आणि यांच्यापैकी एकीलाही काढलंत, वरच्या असोत की इथल्या, तर ऑर्डर गेली म्हणून समजा."

जावेने ते दोनदा विचारून घेतलं. "एकीलाही नाही ना?" मग टाचणीकडे वळून म्हणाली, "एवढी मोठी पाहुणी आणायची होती तर आधी सांगायचं. केस तरी विंचरले असते."

"बोलत कुठे होतीस तू?"

संध्याकाळी मालकाने टाचणीला बोलावलं. या वेळी खुर्ची नव्हती. "उद्यापासून येऊ नका."

"बरं. लिहून द्या. कारणासकट."

त्याने पेन उचललं, टेबलावर दोनदा आपटलं, ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला टेबलाशी होती.

पंधराव्या दिवशी नवा कागद आला. जागा दोन, आतून कडी, उघडणाऱ्या खिडक्या दोन. टाचणी कागद घेऊन खाली मागच्या गल्लीतल्या खोलीत गेली. आत शिरली, दार लावून घेतलं, कडी आपल्या हाताने तीनदा काढून पाहिली. मग खिडक्यांकडे गेली. एक उघडली. दुसरी हलेना. चौकटीवर खिळे ठोकून वरून रंग दिलेला होता.

ती वर आली आणि कागद मालकाच्या टेबलावर ठेवला, सहीची जागा कोरीच.

"एक खिडकी बंद आहे. उघडा, मग आणा."

मालकाने कपाळाला हात लावला. "मावशी, हे असं किती दिवस चालणार?"

"इस्पितळाला कोट लागतात तितके दिवस," टाचणी म्हणाली, आणि पुढचा कोट उलटा केला.