टँगो आणि पुण्याची नोकरी

नवऱ्याने पुण्याची नोकरी स्वीकारली आणि मग मला सांगितलं. मी इथे आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात डॉक्टर. परीक्षा देऊन, नाइट ड्युट्या उपसून नुकती कुठे कायम झाले होते. मी सोमवारी राजीनामा द्यायचा, हेही नवरोबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आठवडाभर आमच्यात 'दूध संपलंय' याखेरीज बोलणं नव्हतं. तरी शुक्रवारी टँगोच्या क्लासला गेलो, कारण तो आधीच लावलेला होता आणि तिथे बोलावं लागत नाही.

क्लास चर्चमागच्या हॉलमध्ये. शिकवणारी बाई ब्युनोस आयर्सची, लग्न करून इथे आलेली. त्या दिवशी तिने सुरुवातीलाच टँगो कुठून आला ते सांगितलं. बंदरावर उतरलेले इटालियन आणि स्पॅनिश मजूर, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचे ताल, आणि बँडोनिऑन हा जर्मनीहून आलेला भात्याचा बाजा. घर सोडून आलेल्यांनी यातून हा नाच उभा केला. तिथल्या प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. पॅरिसने वाहवा केल्यावर मात्र तेच लोक हौसेने नाचू लागले. आपल्याकडे योगाचं झालं तेच, मी मनात म्हटलं. मग टँगो पार फिनलंड आणि जपानपर्यंत पोचला.

"का माहितीये?" ती म्हणाली. "परक्या गावात कुणीतरी जवळ घ्यावं असं सगळ्यांनाच वाटतं."

मला एकदम भरून आलं, आणि भरून आल्याचा रागही आला.

पहिल्या गाण्याला माझ्या वाट्याला एक आयरिश आजोबा आले. माझा पाय त्यांच्या बुटाला लागला आणि सवयीने मी वाकून बुटाला हात लावला, तो कपाळाशी नेला. आजोबा घाबरले. "यू ग्रँड?" म्हणाले, म्हणजे 'ठीक आहेस ना?' नवरा पलीकडून हसत इंग्रजीत म्हणाला, "पाय लागला की आमच्याकडे असा नमस्कार करतात. मला तर घरी रोज करते."

"आणि तू तिला?" बाईने विचारलं.

"तसं नसतं," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

पुढच्या गाण्याला आम्ही दोघं एकत्र. नाचात नेणाऱ्याने जोडीदारणीला ढकलायचं नाही, नुसतं सुचवायचं आणि ती पाऊल टाकेपर्यंत थांबायचं, हे बाईने पहिल्या दिवसापासून बजावलेलं. नवरा ढकलत होता. मी पाऊल टाकलंच नाही. बाकीच्या जोड्या आम्हाला वळसा घालून जाऊ लागल्या. पाठीवरचा त्याचा हात घट्ट होत गेला.

"चल ना, लोक बघतायत."

"तू मला विचारलंच नाहीस."

"काय?"

"पुण्याला येतेस का, ते."

"आत्ता? इथे? सीन करू नकोस, प्लीज."

"विचार."

तो विचारेल आणि मी नेहमीसारखी हो म्हणून मोकळी होईन, याचीच भीती होती. गाणं संपत आलं. त्याने मान खाली घातली आणि माझ्या कानाशी, अगदी हळू विचारलं, "येतेस का माझ्याबरोबर?"

किती प्रेमाने विचारलं त्याने. नोकरी घेण्याआधी असं विचारलं असतं, तर त्याच दिवशी मी बॅग भरायला घेतली असती.

"नाही," मी म्हटलं, आणि त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडले.