दुधाच्या पातेल्यात उकळलेल्या नॅप्या

वाशिमला ट्रॅव्हल्सच्या गाडीत वास सुटला होता आणि तो माझ्या मांडीवरून येत होता. बाळंतपणाला माहेरी आलेली मी, पाच महिन्यांच्या चिऊला घेऊन परत पुण्याला निघाले होते, कर्वेनगरच्या भाड्याच्या फ्लॅटवर. नवरा, म्हणजे निखिल, न्यायला आला होता. गाडी अजून सुटलीसुद्धा नव्हती. आई खाली काचेला बोटं टेकवून उभी. एसी गाडी, काच उघडत नाही, म्हणून ती ओरडून बोलत होती आणि अख्खी गाडी ऐकत होती. "नाही जमलं तं आणून टाक तिले माह्यापाशी. लाजू नोको." मी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण त्यातलं थोडं त्या डायपरमुळेही असावं. पलीकडच्या काकांनी रुमाल नाकाला लावला आणि आई मागे राहतेय याचं धड रडूही मला येईना.

गाडी सुटल्यावर तो डायपर काढला, आणि टाकायचा कुठे? निखिल म्हणाला, ढाब्यावर टाकू. ढाब्याच्या मागे गेलो तर तिथे आधीच डायपरांचा ढीग, त्यावर माश्या, आणि बाजूलाच लोक निवांत चहा पितायत. शी! मला तिथे टाकवेना. आईने दशम्या बांधून दिलेला आमच्या गावचा पेपर होता, त्यातच गुंडाळला आणि पुण्यापर्यंत आणला. दशम्यांची भूक त्याच वेळी मेली.

सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि सुटले असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गल्लीत दोन कुत्री एक पुडकं फाडत होती. पेपर ओळखीचा! वाशिमच्या साडीच्या दुकानाची जाहिरात, तिच्यावर माझ्या लेकीची शी आणि शीवर कुत्र्याचं तोंड. फिरायला निघालेले एक आजोबा थांबले, माझा पडलेला चेहरा बघून म्हणाले, "आपल्याकडचं दिसतंय. छान." बास, एवढंच बोलले आणि गेले. कुत्र्यांना हाकलून, दुधासाठी नेलेल्या रिकाम्या पिशवीत हात घालून मी ते सगळं गोळा केलं. दोनदा ओकारी आली. तेव्हाच ठरवलं, आता हे डायपर घरात नकोत. तसंही प्रवासभराच्या डायपरांनी चिऊचं बूड लाल झालं होतं.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, तुम्हाला हसू येईल. कारण माहेरी काय होतं? आईच्या जुन्या सुती साड्या फाडून केलेले लंगोट. ओले झाले की मोरीत, तिथून अंगणातल्या चुलीवर उकळत्या पाण्यात, तिथून तारेवर. मी खाटेवर बसून डिंकाचे लाडू खात होते आणि हे सगळं माझ्या पाठीमागे आपोआप होत होतं. आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, तुम्हाला माहीत आहे की इकडे आपोआप काहीच होत नाही. अंगण नाही, चूल नाही, घरमालकाच्या सोफ्यावर डाग पडला तर तो डिपॉझिटमधून वसूल होतो.

म्हणून मी नव्या पद्धतीच्या कापडी नॅप्या मागवल्या. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, त्यावर जिराफ. आत एक खिसा, त्या खिशात टॉवेलसारखी जाड पट्टी घालायची, ती ओल शोषते. आणि बाळाच्या मापाने लावायला बटणंच बटणं. लंगोटाला अस्तर, खिसा, बटणं सगळं आलं होतं, कॉलर तेवढी राहिली होती. त्या वापरायच्या आधीच पुन्हा पुन्हा धुवायच्या असतात, म्हणजे मग त्या ओल शोषायला लागतात. मी व्हिडिओ बघून सगळं शिकले. फक्त शी कशी काढायची हे त्या व्हिडिओतल्या हसऱ्या बाईने स्वच्छ भांड्यात स्वच्छ नॅपी बुडवून दाखवलं. भवानी कुठली! मी कमोडवर नॅपी धरली, जेटची धार सोडली, आणि पिवळं पाणी उडून थेट माझ्या चष्म्यावर. ओठावरही. निखिल दाराशी उभा होता, तो म्हणाला, "प्रेशर कमी ठेवायचं ना." त्याला मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

खडकवासला धरण काठोकाठ भरलेलं असो, आमच्या सोसायटीत पाणी सकाळीच काय ते येतं. त्यामुळे दिवसभराच्या नॅप्या बादलीत झाकून ठेवायच्या आणि सकाळी मशीनला लावायच्या. त्या बादलीचं झाकण उघडणं म्हणजे रोजची शिक्षा. मुताचा असा भपकारा यायचा की डोळे चुरचुरायचे. धुऊन बाल्कनीत वाळत घातल्या की खालच्या मजल्यावरच्या बाई बेल वाजवायच्या. साठीच्या, नेटक्या, कधी आवाज चढवला नाही. "अहो, आपल्याकडे बाळ आहे हे आम्हाला कळलंय. रोज वरून कळवायची गरज नाही." नॅप्यांचं पाणी त्यांच्या तुळशीत ठिबकत होतं. मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सॉरी तुळशीला म्हणा." त्या दिवशी मला पुण्याचा मनापासून तिटकारा आला.

आणि एवढं करूनही नॅप्या गळायला लागल्या. आधी महिनाभर चांगल्या होत्या. मग पट्टी कोरडीच राहायची आणि मूत मांडीवरून वाहत खाली. चादर ओली, गादी ओली, माझी ओढणी ओली. धुतलेल्या नॅपीलाही वास. चिऊचं बूड पुन्हा लाल, मग जास्त लाल, मग पुरळ. डॉक्टर म्हणाले कोरडं ठेवा. अहो, तेच तर करतेय! आई रोज व्हिडिओवर बघायची आणि हळहळायची. "तीळ तेल लाव वं भरपूर. दर बखत बदलली का लाव. आंगाले तेल पाह्यजेन लेकराच्या." मी लावत होते. प्रत्येक वेळी, आईने सांगितलं म्हणून, हात सैल सोडून.

माझी वाढवून घेतलेली रजाही संपत आली होती. गल्लीच्या टोकाला पाळणाघर आहे, तिथल्या मावशींनी चिऊचे कपडे काढून बघितले आणि पुन्हा नीट घातले. "नॅपी कसलीही आणा, मला फरक पडत नाही. पण असं अंग असलेलं मूल मी घेत नाही. हे बरं करून आणा." त्या संध्याकाळी निखिल म्हणाला, "आपण तिला दोन वर्षं वाशिमला आईंकडे ठेवू. माझ्या टीममधले सगळेच असं करतात. व्हिडिओ कॉल असतोच." सगळेच करतात! लेक म्हणजे काय लग्नातला जादा आहेर आहे, माहेरी ठेवून द्यायला? मी खूप भांडले. मग बादलीजवळ गेले, झाकण उघडलं, वास आला, आणि मला वाटलं, हा म्हणतोय ते बरोबर आहे. मला हे जमत नाहीये. मी आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "येतो मी तिले घ्यायले."

आई आली ती चिऊच्या कपड्यांसाठी एक वेगळी रिकामी बॅग घेऊनच. आल्याबरोबर बादलीशी गेली. पाच लेकरांचं हगणंमुतणं काढलेली बाई, पण पट्टी नाकाजवळ नेली आणि पदर तोंडाला लावून मोरीत पळाली. "बाप्पा बाप्पा! धुतलेलं हाये का हे?" मला लाजही वाटली आणि थोडं बरंही वाटलं, की वास खरंच आहे, माझ्या मनाचा खेळ नाही.

ती चिऊला तेल लावत बसली होती आणि मी चिडून मोरीत धुतलेल्या पट्टीवर तांब्याने पाणी ओतत होते. पाणी आत जाईना. तुपाच्या हाताने धरलेल्या ताटलीवर राहावं तसं पाणी त्या कापडावर गोल गोल थेंबांनी उभं राहिलं. मी बोट फिरवलं. बुळबुळीत! तेल! घरातलं प्रत्येक बोट तेल लावत होतं, ते तेल पट्टीत जात होतं आणि मशीनच्या गार पाण्याने ते निघत नव्हतं. पट्टी शोषणार काय, कपाळ? माहेरचे लंगोट रोज उकळत होते म्हणून तिथे तेलाने काही बिघडलं नाही. इथे आम्ही दोघी मिळून तिच्या अंगाला मूत चिकटवून ठेवत होतो.

आईला सांगितलं तर तिचा तेलाचा हात तसाच थांबला. "म्हंजे माह्या तेलानं झालं?" मी म्हटलं, तसं नाही गं. पण तसंच होतं, आणि ती एवढी भोळी नाही. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

उकळायला घरात एवढं मोठं एकच भांडं होतं, दूध तापवायचं पातेलं. त्यात पाणी घेतलं, भांड्यांचा साबण घातला आणि सगळ्या पट्ट्या बुडवल्या. उकळी आली आणि देवा रे! महिनाभराचं साचलेलं मूत वाफ होऊन घरभर फिरलं. वर करडी साय धरली, चिकट, तेलकट, आणि ती मी डावाने काढत होते, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. निखिल बाल्कनीत पळाला. खालच्या बाईंच्या खिडक्या धाडधाड बंद झाल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, पातेल्यात डोकावली आणि दिवसभराचा अबोला सोडून म्हणाली, "दुधाच्या गंजात? आता ह्याच्यात चहा करून दाखव मले." आणि हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसता मला ओकारी आली, ती मात्र खरी.

तेल आम्ही आंघोळीच्या आधी लावायचं ठेवलं, बेसनाने पुसून काढायचं, नंतर एक थेंब नाही. पट्ट्या पुन्हा प्यायला लागल्या. पुरळ आधी फिकट झालं, मग सुकलं, मग गेलं. मावशींनी चिऊचे कपडे काढून बघितले आणि म्हणाल्या, "सोमवारपासून आणा." आई माझ्या मागेच उभी होती. घरी येऊन तिने रिकामी बॅग पलंगाखालून काढली आणि तिच्यात स्वतःची लुगडी घालायला लागली.

ती निघायच्या दिवशी, रिक्षा खाली येऊन उभी असताना, चिऊने केली. पाठीपर्यंत वर आलेली, पातळ, आंबूस, आईच्या मनगटावरही लागलेली. आई सवयीने मोरीकडे वळली. मी चिऊला तिच्या हातून घेतलं. "आई, राहू दे. माझं आहे ते." तिने मनगट धुतलं, पदराला पुसलं. तिच्या मनाला ते लागलं होतं, मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "बरं. मंग मी जातो," आणि मागे न बघता जिना उतरली.

तिला खाली सोडायलाही मला जाता आलं नाही, निखिलच गेला. मी मोरीत, कोपरापर्यंत भरलेली. मला अजूनही किळस येते, तुम्हाला खोटं कशाला सांगू. रोज येते. पण त्या घाणीला दुसऱ्या कुणाचा, अगदी माझ्या आईचाही हात लागू नये असं मला वाटलं, आणि तेव्हा मला कळलं की वाशिमला आता मी पाहुणी म्हणून जाणार आहे.