मी न उचललेला फोन

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. यांच्यापाशीसुद्धा नाही – नवऱ्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही, पण हे आहे. मग तुमच्यापाशी का बोलते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात कॉलनीतल्या बायकांनी मला बोलावलं, तेव्हापासून घास धड उतरत नाही म्हणून असेल.

आमच्या पिपरी मेघेत आता बऱ्याच घरांत विद्यार्थी आहेत. आर्वी, आष्टी, समुद्रपूरकडची पोरं अकरावी-बारावीला वर्ध्यात येतात. होस्टेल नको असेल तर एखाद्या कुटुंबात राहतात, घरच्यासारखी. बायकांना वाटलं, सगळ्या घरांचे नियम सारखे असावेत. मुलींनी किती वाजता परतावं, बाहेर जाताना कोणाला सांगून जावं, घरातल्यांनी त्यांच्या खोलीत कसं वागावं. मी निवृत्त शिक्षिका, आणि सगळ्यांत आधी घरात मुलगी ठेवलेली मीच. म्हणून बोलायला मला उभं केलं. एका तरुण बाईनं विचारलं, सांगूनही मुलगी उशिरा आली तर काय करायचं? मी म्हटलं, "आधी दार उघडायचं. विचारायचं ते मग."

बायकांनी माना डोलावल्या. एक जण शेजारणीला म्हणाली, मॅडमकडून शिकावं. मी ऐकलं, आणि हसले. खरंच हसले.

माझ्याकडे राहिलेल्या त्या मुलीचं नाव समीक्षा. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. सोळा वर्षांची होती. वडिलांचं आष्टीला बाजाराच्या रस्त्यावर शिवणकामाचं दुकान. पोरगी गणितात हुशार, म्हणून विज्ञान शाखेला वर्ध्यात घातली. पहिल्या दिवशी मी बापलेकीला समोर बसवून नियम सांगितले. सातच्या आत घरात. उशीर होणार असेल तर फोन करायचा – फोन केला की मी रागावणार नाही. आणि वडिलांना म्हटलं, भाऊ, आता ही माझी जबाबदारी. ते म्हणाले, तुमच्या घरी आहे म्हणजे मले घोर नाई.

ते बौद्ध. आम्ही कापडाच्या व्यापारातले, देवधर्म पाळणारे. पण मी भेद मानत नाही, हे मी शाळेत शिकवत असताना सांगायचे, आणि समीक्षा आल्यापासून तर जरा जास्तच सांगायचे. भिशीत, लग्नात, कुठेही. पोरीसारखी ठेवते मी तिला. लोक म्हणायचे, मॅडमचं मन मोठं. ते ऐकायला गोड लागायचं – काऊन खोटं बोलू?

तिचं ताट आणि पेला मात्र वेगळे होते. ती दोन्ही घासून खिडकीत पालथी घालायची, आणि मी ती तिथून उचलून मांडणीत कधी ठेवली नाहीत. का, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, अहो, सोय म्हणून. मी स्वतःलाही तेच सांगत होते.

हिवाळ्यात माझ्याकडे भिशी होती. समीक्षा सगळ्यांना चिवडा वाढत होती. एक बाई तिला म्हणाली, तूपण घे, ये इथं बस, ही ताटली घे. आणि समीक्षा सहज म्हणाली, "नाई काकू, माझं ताट वेगळं आहे. खिडकीत असते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. टोमणा तर नव्हताच. विचारलं तसं सांगितलं, बस्स. पण खोलीत अशी काही शांतता झाली, की मला चुलीजवळ बसल्यासारखं गरम झालं. मग कोणी तरी भाजीच्या भावावर बोलू लागलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. तेच मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी हे माल आणायला नागपूरला गेले होते. घरात मी एकटी. संध्याकाळी सातच्या थोडं आधी फोन वाजला. पडद्यावर समीक्षाचं नाव. मी हातात घेतला, पाहिला – आणि टेबलावर पालथा ठेवला. पुन्हा वाजला. वाजू दिला. मनात काय होतं सांगू? कळू दे जरा, हेच होतं. कालचं डोक्यात ठणकत होतं, आणि सातचा नियम माझ्या हाताशी होता.

सात वाजले तसं मी गेटला आतून कुलूप घातलं.

ती साडेसातच्या सुमाराला आली. अंधार पडला होता, थंडी होती. कुलूप हलवल्याचा आवाज आला. मग "काकू... काकू." मी टीव्हीचा आवाज वाढवला. दारामागे, सोफ्यावर, पायावर शाल घेऊन मी बसले होते. तिला खिडकीतून उजेड दिसत असेल. माझी सावलीही दिसत असेल कदाचित. ती बराच वेळ हाका मारत राहिली. मग हाका थांबल्या.

मला वाटलं, समोरच्यांकडे गेली असेल. थोड्या वेळानं जाऊन कुलूप काढलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. समोरचं घरही बंद, ते लोक गावाला गेलेले. हे मला सकाळपासून माहीत होतं. तिला फोन लावला, तर बंद. आता करायचं काय? तिच्या वडिलांना कळवायला हवं होतं. यांना, पोलिसांना, निदान शेजाऱ्यांना. पण कळवायचं म्हणजे कुलपाचं सांगावं लागणार. मी कोणालाच कळवलं नाही. सोळा वर्षांची मुलगी अंधारात कुठं गेली ते माहीत नसताना, मी हातात फोन धरून घरात बसून राहिले.

ती बसस्टँडवर गेली होती, हे मला नंतर कळलं. आष्टीची गाडी निघून गेलेली, म्हणून आर्वीच्या गाडीत बसली. फोनची बॅटरी संपलेली. आर्वीला उतरून ती बाकावर एकटी रडत बसली, तेव्हा एका महिला कंडक्टरनं तिच्या वडिलांना फोन लावून दिला, आणि ते येईपर्यंत स्वतः तिच्याजवळ थांबली. मला त्या बाईचं नावही माहीत नाही. माझी जबाबदारी तिनं पार पाडली.

सकाळी वडील तिला घेऊन आले. ती पायरीखालीच उभी राहिली. ते चप्पल काढून आत आले आणि अगदी नरमाईनं म्हणाले, मॅडम, पोरगी म्हणते गेटले कुलूप होतं.

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. तेवढी जागा त्या माणसानं मला दिली होती. मी म्हटलं, भाऊ, कुलूप तर आम्ही झोपताना लावतो. मी रात्रभर वाट पाहिली. ती आलीच नाही. फोनही नाही. एवढ्यावर थांबले असते तरी – पण नाही. पुढे म्हटलं, हल्ली तिचं लक्षच नव्हतं अभ्यासात. कोणाशी बोलायची फोनवर, मला माहीत नाही.

ती कोणाशी बोलत नव्हती. आईशी बोलायची.

समीक्षा पायरीवर चढली. "मी फोन केलता, काकू. दोन खेप केलता. मैत्रीणले चक्कर आली, तिले घरी सोडाले गेलती."

मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस."

तिनं खिशातून फोन काढला. रात्री गावी चार्ज केला असेल. त्यात सगळं होतं – माझं नाव, वेळ, दोन्ही फोन. ती तो वडिलांपुढे धरत होती. आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून फोन खाली केला. "राहू दे. मॅडमच्या तोंडी नोको लागू."

त्यांनी पाहिलं नाही. शिक्षिकेवर अविश्वास दाखवायचा नाही, म्हणून पाहिलं नाही. माझ्यापुढे हात जोडले. चुकलं असन पोरीचं, माफ करजा, म्हणाले. मग तिची पेटी, पुस्तकं, गादी त्यांनी ऑटोत ठेवली. मी पाणी विचारलं. तेही विचारलं मी.

तिची अकरावी तिथंच संपली. रात्री एकटी फिरताना सापडलेली पोरगी, एवढंच गावात पसरलं. तिला पुन्हा बाहेर शिकायला पाठवलं नाही. बाहेरून परीक्षा देऊन ती कलाशाखेची पदवीधर झाली, एवढं कानावर आलं होतं.

कॉलनीतल्या त्या बैठकीनंतर मी आष्टीला गेले. घरी सांगितलं, एका जुन्या मैत्रिणीकडे जाते. वाटेत वाक्य जुळवत होते – भाऊ, त्या दिवशी मी घरातच होते. दुकान सापडलं. ते थकलेत, चष्मा जाड झालाय. मला पाहून उठले, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. आत दुसऱ्या मशीनवर समीक्षा बसली होती.

ते म्हणाले, हात चांगला आहे तिचा, ब्लाउजसाठी लांबून बाया येतात. मग आवाज खाली करून म्हणाले, "त्या वेळेस तुम्ही बोभाटा नाई केला, मॅडम. दुसरं कोणी असतं तर पोरीचं नाव पार खराब केलं असतं."

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी चहा प्याले.

समीक्षानं मशीन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती वाट पाहत होती. मी कशाला आले असेन, हे तिला कळलं होतं. मी कप खाली ठेवला, येते भाऊ, म्हटलं, आणि बसस्टँडकडे निघाले. मागे मशीन लगेच सुरू झालं नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत मी कान देऊन होते.